चारच्या गाडीनं गेलेलं सरकार

इंझोरीच्या फाट्यावर मी गाडीतून उतरले की पानठेल्यावर बसलेल्यांपैकी कोणीतरी अजूनही म्हणतो, "या, माजी मुख्यमंत्री." म्हणणारा बहुतेक वेळा माझ्याहून बराच लहान असतो. त्याला तो किस्सा कोणीतरी सांगितलेला असतो आणि सांगणाऱ्यानं त्यात आपल्या पदरचं घातलेलं असतं. मागच्या खेपेला एका मुलानं विचारलं, ताई, तुमच्यासाठी खरंच लाल गाडी यायची का? मी म्हटलं, यायची, पण ती एसटीची होती, आणि ज्या दिवशी मी मुख्यमंत्री होते त्या दिवशी नेमकी मी तिच्यात नव्हते. तो हसला नाही, त्याला ते नीट कळलंही नसावं. तेव्हा हे एकदा लिहून ठेवावं असं वाटलं. मला असं लिहायची सवय नाही. प्रबंधाची प्रकरणं लिहिते, पण त्यात माणसं कमी आणि तळटिपा जास्त असतात. इथं कुठं चुकले तर आमच्या घरातले तिघं मला दुरुस्त करायला बसलेलेच आहेत, त्यातला एक आता फोटोत आहे, तरी त्याची मला जास्त भीती वाटते.

आमचा मळा फाट्याला लागूनच. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की कारंज्याकडून मानोऱ्याकडे जाणारी सडक सगळी दिसते. आमच्याकडं कपाशी-सोयाबीन नाही, भाजीपाला. मेथी, पालक, वांगी, गवार, आणि सांबार, म्हणजे ज्याला पुण्यामुंबईकडं कोथिंबीर म्हणतात ते. आमच्या घरात सकाळ मेथीच्या वासानं व्हायची आणि संध्याकाळ सांबाराच्या. दुपारभर विहिरीवरची मोटर चालू असायची, तिचा एकसुरी घरघराट इतका अंगवळणी पडलेला की लाईन गेली आणि मोटर थांबली की घरातले सगळे एकदम गप्प व्हायचे, जणू कोणी बोलता बोलता थांबलं आहे. बाबा कमी बोलणारे. आईनं बाबांच्या वाटणीचंही बोलून टाकलेलं असायचं. आणि आबा, म्हणजे बाबांचे वडील, ते मांडवाखालच्या खाटेवरून सगळ्या कारभारावर टीका करायचे. विरोधी पक्ष म्हणजे काय हे मला पुस्तकात वाचायच्या आधीपासून माहीत होतं.

बारावीनंतर मला कॉलेजात जायचं होतं. आमच्या घरात कोणी कॉलेजचं फाटकही पाहिलेलं नव्हतं. बाबांनी एकदा पाहिलं होतं, पण ते वांग्याचे कट्टे, म्हणजे पोती, घेऊन चुकून त्या गल्लीत शिरले होते म्हणून. ते नाही म्हणाले नाहीत. आठ-दहा दिवस काहीच म्हणाले नाहीत. मग एका संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधता बांधता वर न बघता म्हणाले, "चारची गाडी."

आई म्हणाली, "काय चारची गाडी?"

"चारच्या गाडीनं घरी आली त कालेज. ज्या दिवशी चारच्या गाडीत नसन, त्या दिवशी कालेज संपलं. मंग मले काही सांगायचं नाही."

चारची गाडी म्हणजे कारंज्याहून मानोऱ्याला जाणारी. तिच्यानंतरची गाडी अंधार पडल्यावर यायची आणि कधी कधी यायचीच नाही. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, अट सोपी आहे. कॉलेज दोनला सुटतं, गाडी चारला आहे, माणूस चुकेलच कसा? अजूनही कोणी मला अट घातली की मी आधी हो म्हणते आणि मग घड्याळ बघते.

पहिल्या वर्षभरात मी एकदाही चुकले नाही. रोज फाट्यावर उतरायचे आणि धुऱ्यानं घरी यायचे. बाबा वांग्याच्या पट्ट्यात सडकेकडे पाठ करून वाकलेले असायचे. मी आले की नाही हे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. मला वाईट वाटायचं, कारण एवढी अट घातली तर माणसानं ती पाळलेली तरी बघावी. एकच गंमत वाटायची की मी उतरायचे तेव्हा मोटर नेहमी बंद असायची. मला वाटायचं, लाईन त्याच वेळी जात असेल.

आता कॉलेजचं. आम्हाला राज्यशास्त्र शिकवायला भगत सर होते. उंच, किडकिडीत, आणि हाडाचे आशावादी. त्यांनी ठरवलं की मुलांना विधानसभा पुस्तकातून कळत नाही, ती भरवून दाखवली पाहिजे. मोठ्या हॉलमध्ये अभिरूप विधानसभा, बाहेरून पाहुणे, सगळं कॉलेज प्रेक्षक. सत्ताधारी आणि विरोधी असे दोन पक्ष करायचे होते. सरांनी कोणावर अन्याय नको म्हणून सरळ बाकांप्रमाणे वाटणी केली. डावीकडच्या रांगा सत्ताधारी, उजवीकडच्या विरोधी. डावीकडे जास्त मुलं होती म्हणून बहुमत त्यांचं. इतकं स्वच्छ सरकार महाराष्ट्रात क्वचितच बनलं असेल. सरांच्या एकच गोष्ट लक्षात आली नाही. डावीकडं खिडक्या होत्या, खिडक्यांपलीकडं कॉलेजची भिंत, आणि भिंतीपलीकडं एसटी स्टँड. डावीकडं आम्ही सगळे गाडीनं येणारे बसायचो, कारण तिथून हॉर्न ऐकू येतो. उजवीकडं बसायचे ते गावातले, ज्यांना ऐकायला काही नसायचं. म्हणजे सरांनी नकळत एक असा सत्ताधारी पक्ष काढला होता, ज्याचा एक सोडून प्रत्येक आमदार चारच्या गाडीचा पासधारक होता.

मुख्यमंत्री व्हायला डावीकडे तिघं तयार होते आणि तिघांचंही एकमेकांशी पटत नव्हतं. अर्धा तास वाद झाला. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून येणारा सुनील राठोड आमच्यात सगळ्यात मोठ्या आवाजाचा होता, तो शेवटी म्हणाला, "सर, शारदाले करा. थे काही बोलतच नाही. तिच्यावर कोनाचा राग नाही." सगळ्यांना ते पटलं. मी मागच्या बाकावर वहीत तोंड घालून बसले होते. मला विचारलंसुद्धा नाही. पुढं अभ्यासात कळलं की राज्यांच्या इतिहासात या पद्धतीनं पदावर बसलेली माणसं कमी नाहीत, तेव्हा मला जरा बरं वाटलं. सुनीलनं स्वतः प्रतोद व्हायचं पसंत केलं. प्रतोद म्हणजे ज्याच्या आदेशावर पक्षाचे आमदार सभागृहात हजर राहतात तो. सरांनी अर्थ सांगितला तेव्हा सुनील म्हणाला, "हे मले जमन. मी गाडीतही सगळ्यायची जागा धरतो."

घरी सांगितलं तेव्हा आई भाकर थापत होती. तिचा हात थांबला नाही. "तुले कोनं केलं मुख्यमंत्री?"

"सरांनी. म्हणजे पक्षानं."

"जनतेनं नाही?"

"आई, मुख्यमंत्र्याला जनता थेट निवडत नाही. जनता आमदार निवडते. ज्याच्यामागं जास्त आमदार, त्याला राज्यपाल बोलावतात."

"मंग आमी मत देतो थे कायले?" आई म्हणाली. "बरं, मुख्यमंत्रीबाई, हे भाकर परता. भाजून राह्यली थे."

मी लायब्ररीतून पुस्तकं आणली. खरं सांगायचं तर मी घाबरले होते आणि घाबरले की मी वाचते. ही सवय मला पुढं फार उपयोगी पडली. मला कळलं की राज्यघटनेत मुख्यमंत्र्यांबद्दल फार थोडं लिहिलं आहे. इतक्या मोठ्या खुर्चीबद्दल इतक्या कमी ओळी. आमदार नसलेला माणूसही मुख्यमंत्री होऊ शकतो, फक्त सहा महिन्यांत त्याला आमदार व्हावं लागतं. यावर आबा म्हणाले, "म्हंजे आंधी बसाचं अन् मंग जागा धराची. आमच्या येष्टीत उलटं हाय." पण आबांना सगळ्यात आवडली ती एक वेगळीच गोष्ट. इंग्रजांच्या काळात आमचं वऱ्हाड मध्य प्रांतात होतं, राजधानी नागपूर, आणि तिथल्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधान म्हणत. मी ते वाचून दाखवलं तेव्हा आबा खाटेवर उठून बसले.

"नागपूरले पंतप्रधान?"

"हो आबा. प्रत्येक प्रांताचा वेगळा. स्वातंत्र्यानंतर ते नाव दिल्लीकडं गेलं आणि राज्यात मुख्यमंत्री झाले."

"मंग तवा दिल्लीत कोन होता?"

"व्हाइसरॉय."

"मंग बराबर हाय," आबा म्हणाले. "पंतप्रधान आपल्याकडं होता. दिल्लीवाल्यानं नेला."

त्यानंतर त्यांनी मला क्रमानं सगळं विचारून घेतलं. आधी नागपूर राजधानी, मग वऱ्हाड-विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा मुंबई, मग महाराष्ट्र झाला तेव्हाही मुंबई, आणि नागपूरला राहिलं ते हिवाळी अधिवेशन. आबांनी हिशेब केला की ते स्वतः या खाटेवरून हलले नाहीत आणि त्यांची राजधानी मात्र इकडून तिकडं गेली. "कोनं येऊन इचारलं बी नाही," ते म्हणाले, आणि त्या आठवड्यात मळ्यात जो कोणी आला त्याला त्यांनी हे ऐकवलं. मेथी घ्यायला आलेला व्यापारीसुद्धा मेथीऐवजी मध्य प्रांत घेऊन गेला. आबांनी एकदा एक खरा मुख्यमंत्री पाहिला होता, तेही पुन्हा सांगून झालं. "कारंज्याले आल्ता. मी अगदी म्होरं होतो. हार दिसला. लय मोठा हार होता. त्याच्यात मानूस असनच."

संध्याकाळी जुड्या बांधताना घरात माझी तालीम व्हायची. पोतं अंथरलेलं, मधे मेथीचा ढीग, सुतळीचे तुकडे, आणि भोवती आम्ही. आई प्रश्नोत्तराचा तास घ्यायची.

"मुख्यमंत्रीबाई, मोटरीले लाईन दिवसभर कवा देता?"

मी सरांच्या भाषेत म्हणाले, "माननीय सदस्यांनी लेखी प्रश्न द्यावा."

आई म्हणाली, "मले लिवता येत नाही."

मी हातातली जुडी तशीच धरून बसले. आईला मात्र काहीच वाटलं नव्हतं, ती पुढची जुडी बांधत होती. "मंग? ज्याले लिवता येत नाही त्याले उत्तर नाही का तुमच्यात?" मी सांगितलं की आहे, तारांकित प्रश्न असतो, त्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. "मंग माह्या सगळ्या प्रश्नायवर तारे लाव," आई म्हणाली. बाबा यात भाग घ्यायचे नाहीत. ते पाण्यानं जुड्यांवर शिंपडा मारत बसायचे. एकदाच म्हणाले, "हे तुमचं कवा हाय?"

"शुक्रवारी. तीनला संपणार, सरांनी सांगितलं आहे."

"चारची गाडी," बाबा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी अकराला सभागृह भरणार होतं. मी माझा एकुलता एक बरा पंजाबी ड्रेस घातला होता आणि त्यावर ऑफिसातल्या बाईंचं जॅकेट, जे मला खांद्यात मोठं होत होतं. मुख्य पाहुणे म्हणून एक माजी लोकप्रतिनिधी येणार होते. ते निघाले होते. साडेअकराला ते निघाले होते, एक वाजता निघाले होते आणि दोन वाजताही निघालेलेच होते. पोहे थंड झाले. आमदारांनी ते खाल्ले. उजवीकडची मुलं मजेत होती, घर चालत पाच मिनिटांवर. डावीकडं मात्र मंत्रिमंडळाचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं लागलं होतं. पाहुणे आले तेव्हा अडीच वाजून गेले होते. मग दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग हार. हार खरोखरच मोठा होता. मला आबांची आठवण आली आणि हसू आवरेना, म्हणून मी जॅकेटच्या कॉलरमध्ये तोंड घातलं.

विरोधी पक्षनेती होती पल्लवी, गावातल्या डॉक्टरांची मुलगी. हुशार, तयारीची, आणि स्वभावानं चांगली, म्हणजे तिच्यावर रागावायचीही सोय नव्हती. तिनं अविश्वासाचा ठराव मांडला. आमच्या सरकारचा तो पहिलाच दिवस होता, तरी तिनं आमच्या कारभारात बरेच दोष काढले. मुलींच्या वसतिगृहाचं काय, ग्रंथालयाच्या वेळेचं काय, गावाकडून येणाऱ्या मुलींचं शिक्षण मधेच का सुटतं? शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली. अध्यक्षांनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले तेव्हा पावणेचार झाले होते.

मी पाठ केलेलं भाषण सुरुवातीलाच अडकलं. "अध्यक्ष महोदय" म्हटलं आणि पुढं काहीच नाही. हॉलमध्ये कोणी खोकलं. मग मी पल्लवीच्या शेवटच्या वाक्यालाच उत्तर द्यायला लागले, कारण तेवढंच मला माहीत होतं. मी म्हटलं, सन्माननीय सदस्यांना वाटतं मुलींचं शिक्षण फीमुळं सुटतं किंवा अभ्यासामुळं. ते वेळापत्रकामुळं सुटतं. जिच्या गावाला दिवसाउजेडी एकच गाडी परत जाते, तिचं कॉलेज त्या गाडीच्या चाकाला बांधलेलं असतं. शेवटचा तास लांबला की ती तास सोडते. प्रश्न विचारायचा असला की विचारत नाही, कारण उत्तर लांबेल. मी बोलत होते आणि सगळे ऐकत होते. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं आणि मला ते थांबवता येईना.

तेवढ्यात भिंतीपलीकडं हॉर्न वाजला. मानोऱ्याच्या गाडीचा हॉर्न आम्ही झोपेतही ओळखला असता. लांब, मधे तुटणारा, सर्दी झाल्यासारखा. माझ्यामागं बाकं सरकल्याचा आवाज झाला. मी मान वळवली नाही. प्रतोदाचा आदेश मात्र ऐकला. सुनील त्याच्या मते हळू आवाजात म्हणाला होता, "चला बे, गाडी लागली." पक्षशिस्त म्हणून पाहिलं तर ते आदर्श होतं. गाडीचा एकही आमदार फुटला नाही, सगळे एकदम गेले.

अजून वेळ होता. दारातून बाहेर, पोर्चमधून, भिंतीच्या फटीतून स्टँडवर, धावले असते तर गाडी मिळाली असती. मला डोळ्यांपुढं बाबांची पाठ दिसत होती. आणि तरी माझे पाय हलले नाहीत. मुख्यमंत्र्यानं उत्तर अर्धवट टाकून सभागृहातून पळायचं नसतं असं मला कोणी सांगितलं नव्हतं, कुठं वाचलंही नव्हतं. मला आपलं तसं वाटलं. गाडीनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला, मग तिचा आवाज सडकेकडं वळला आणि कमी होत गेला. मी वाक्य पूर्ण केलं.

पल्लवी उठली. ती माझ्या मागं पाहत होती आणि ओठ दाबून हसू आवरत होती. "अध्यक्ष महोदय, मुख्यमंत्र्यांनी एवढंच सांगावं, आत्ता त्यांचं बहुमत कुठं आहे?"

मी मागं वळून पाहिलं. रिकामी बाकं, आणि एका बाकावर कोणाचा तरी विसरलेला डबा. मी म्हणाले, "अध्यक्ष महोदय, माझं बहुमत आत्ता मानोऱ्याच्या गाडीत आहे."

हॉलमध्ये जे हसू फुटलं ते पाहुण्यांसकट होतं. भगत सरांनी चष्मा काढून डोळे पुसले, हसण्यामुळं की विधानसभेच्या काळजीमुळं ते कळलं नाही. मतदान झालं. माझ्या बाजूला मी आणि शिक्षणमंत्री उरलो होतो. शिक्षणमंत्री वसतिगृहात राहायचा म्हणून गेला नव्हता, आणि बाकामागं आडवा होऊन झोपला होता. त्याला उठवलं तेव्हा त्यानं गडबडीत विरोधकांबरोबर हात वर केला. सरकार पडलं. नियमाप्रमाणे मी राज्यपालांकडं, म्हणजे भगत सरांकडं, राजीनामा द्यायचा होता. पण पाहुण्यांना पुढं जायची घाई होती, म्हणून त्यांचं भाषण मधे घेतलं. घाई असलेले पाहुणे जवळजवळ तासभर बोलले. मी पडलेल्या सरकारच्या खुर्चीत बसून होते आणि मनात एकच हिशेब चालू होता की आता गाडी फाट्यावर पोचली असेल, आणि माझं कॉलेज संपलं असेल.

फाट्यावर काय झालं ते मला नंतर दोन्ही बाजूंनी कळलं. गाडी थांबली. कोणी उतरलं नाही. बाबा वांग्यातून उठून सडकेवर आले. कंडक्टरनं डबल बेल द्यायच्या आत सुनीलनं खिडकीतून अंग बाहेर काढलं. "काका, सरकार पडलं."

बाबा म्हणाले, "शारदा कुठी हाय?"

"थे नाही येऊ शकत. थे मुख्यमंत्री हाय. तिले राजीनामा द्या लागते."

"अन् तू कोन हायस?"

"मी प्रतोद."

"मंग तू कसा आला?"

सुनील सांगतो की यावर त्यानं अंग आत घेतलं. गाडी निघून गेली. बाबांनी हात धुतले, कट्टे वाहायची एम-एटी मोपेड काढली आणि आहे त्या कपड्यात कारंज्याला निघाले.

पाहुण्यांचं भाषण संपलं आणि मी राजीनामा घेऊन सरांपुढं उभी राहिले तेव्हा हॉलच्या दारात बाबा दिसले. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला उपरणं, हातात गाडीची किल्ली. या वेळी ते गल्ली चुकून आले नव्हते. सरांनी राजीनामा स्वीकारला आणि राज्यपालांच्या गंभीर आवाजात म्हणाले, "पर्यायी व्यवस्था होईपर्यंत आपण काळजीवाहू मुख्यमंत्री म्हणून कारभार पाहावा, अशी माझी विनंती आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत. किल्ली दुसऱ्या हातात घेतली, एवढंच.

सर त्यांच्याकडे गेले. "आपण?"

"मुख्यमंत्र्याले न्यायले आलो," बाबा म्हणाले.

कारंजं मागं पडलं. मी मागं, दोन्ही बाजूंना रिकाम्या कट्ट्यांचे दोर, अंगात अजून ते जॅकेट, परत करायचं राहून गेलेलं. मी मनातल्या मनात माफीचं वाक्य जुळवत होते आणि दर वेळी खड्डा आला की ते मोडत होतं. मग बाबांनी मान थोडी वळवून विचारलं, "सरकार पडलं, तरी थ्या सरनं तुलेच चालवाले काऊन सांगतलं?"

मी म्हटलं, "तशी पद्धत आहे. मुख्यमंत्र्यानं राजीनामा दिला तरी राज्य एक दिवसही कोणाशिवाय ठेवत नाहीत. दुसरा मिळेपर्यंत त्यालाच बसवतात."

"अन् दुसरा मिळालाच नाही त?"

"मग तोच चालवतो."

"हं," बाबा म्हणाले. आणखी थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "तुहे आमदार मात्र चिल्लर निघाले."

घरी आईनं पातोडीचा रस्सा केला होता. तिच्याकडं पाहून कळत नव्हतं की हा निरोपाचा स्वयंपाक आहे की रोजचा. आबांना सगळी बातमी पोचलेली होती. जेवायला बसलो. शेवटी विषय आबांनीच काढला. ते विरोधी पक्षात होते, त्यांचं कामच ते. "मंग? अट होती. चारच्या गाडीत नव्हती पोरगी. सगळ्या फाट्यानं पायलं. आता कालेजचं काय?"

बाबांनी रस्सा वाढून घेतला. "कालेज संपलं," ते म्हणाले.

मी ताटाकडं बघत राहिले. आईनं हातातली पळी खाली ठेवली.

"संपलं म्हंजे संपलं," बाबा म्हणाले. "बोललो त बोललो. पन आता दिवसभर हे काय करन, त्याची दुसरी काही व्यवस्था हाय का तुमच्याकडं?"

आबांनी विचार केला. "आत्ता त नाही."

"तुह्याकडं?"

आई म्हणाली, "माह्याकडं कुठून असन?"

"मंग दुसरी व्यवस्था होईपर्यंत जाऊ दे तिले," बाबा म्हणाले. "काळजीवाहू म्हनून."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "दिल्लीवाल्याले हे सुचलं असतं त पंतप्रधान नागपूरलेच राह्यला असता." याचा अर्थ मला तेव्हाही लागला नाही आणि अजूनही लागत नाही, पण आबा खूश होते.

सोमवारी मी कॉलेजला गेले. माझ्या आमदारांनी गाडीत माझी जागा धरून ठेवली होती. बी.ए. झालं, एम.ए. झालं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि इतक्या वर्षांत अजून बाहेर न पडलेलीही मीच. पीएच.डी. चालू आहे. विषय विचाराल तर राज्यांतली काळजीवाहू सरकारं. मार्गदर्शक बाईंना वाटतं मी तो फार विचार करून निवडला. गंमत अशी की राज्यघटनेत काळजीवाहू मुख्यमंत्री असं काही लिहिलेलंच नाही. ती नुसती प्रथा आहे. राजीनामा दिलेल्या माणसाला थांबायला सांगतात आणि सगळे ते मान्य करतात, इतकंच. माझ्या कॉलेजचंही तेच. बाबांनी हो असं कधीच म्हटलेलं नाही.

परवा गेले तेव्हा बाबा जुड्या बांधत होते. आता हात हळू चालतात, सुतळी दोनदा गुंडाळावी लागते. मी समोर बसले आणि विचारलं, "बाबा, ती चारच्या गाडीची अट अजून आहे का?"

"हाय ना."

"मग माझं कॉलेज संपलेलंच आहे?"

"कवाचंच." त्यांनी जुडी बाजूला ठेवली. "दुसरी व्यवस्था झाली का काही?"

"नाही अजून."

"मंग चालू दे."

मी उठून विहिरीवर हातपाय धुवायला गेले. मोटर चालू होती, दांडात पाणी वाहत होतं. सडकेवर कारंज्याकडून गाडी येताना दिसली, चारचीच. मी तर घरातच होते, त्या गाडीतून आमचं कोणी यायचं नव्हतं. तरी बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले, मोटरीजवळ गेले आणि त्यांनी खटका खाली केला. घरघराट थांबला. सडकेकडं पाठ करून ते उभे राहिले आणि गाडी फाट्यावर थांबते का ते ऐकू लागले.